उत्कंठा आणि सत्य : ‘जगाच्या अंताचे युद्ध’ या कादंबरीचा विचार

उत्कंठाप्रधान कादंबरीकडे आपल्या समीक्षेने नेहमीच काहीशा संकोचाने पाहिले आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा रात्र जागून वाचणारे पुष्कळ होते. पण साहित्यचर्चेत त्यांचे नाव निघताच स्मित करून विषय बदलणारेही तितकेच होते. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात लेखनतंत्राचा पुरस्कार केला. पुढे फडके आणि खांडेकर यांच्या नावाने कला आणि जीवन यांचा वाद गाजला, आणि त्या वादात उत्कंठा ही जणू केवळ तंत्राची, म्हणजे कारागिरीची बाब ठरून गेली. वाचकाला पुढचे पान उलटावयास लावणे हे एक कौशल्य. त्यात सत्यासत्याचा प्रश्न तो कोठला, असे आपण गृहीत धरले. या गृहीताची फेरतपासणी करावयास लावणारी एक कादंबरी आज विचारासाठी घेतली आहे.

उत्कंठाप्रधान कादंबऱ्यांचा एक साचा जगभर लोकप्रिय आहे. कोणी एक धर्मवेडा पुढारी उभा राहतो, त्याच्यामागे शस्त्रधारी जमाव गोळा होतो, देशाचा एखादा मुलूख फुटून निघतो, आणि मग त्याचा बीमोड करण्यासाठी सरकारी फौजा निघतात. या साच्याला एक अट अपरिहार्य असते. पडद्यामागे कोणी तरी असावे लागते. परकी सत्ता, पदच्युत राजघराणे, गुप्त मंडळ, असा एखादा सूत्रधार असल्याखेरीज इतकी माणसे मरावयास का तयार झाली, याचा उलगडा होत नाही. आणि उलगडा झाल्यावाचून रहस्यकथा संपत नाही.

मारिओ वार्गास योसा या पेरू देशातील कादंबरीकाराची ‘जगाच्या अंताचे युद्ध’ ही कादंबरी १९८१ साली स्पॅनिश भाषेत प्रसिद्ध झाली. लेखकाला २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि २०२५ साली त्याचे निधन झाले. मी ही कादंबरी हेलन लेन यांच्या इंग्रजी भाषांतरातून (१९८४) वाचली. तेव्हा मुळातील भाषेच्या लकबींविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु रचना, व्यक्तिदर्शन आणि दृष्टी यांविषयी काही म्हणता येईल. वर सांगितलेला साचा या कादंबरीत सर्व अवयवांसह हजर आहे. धर्मपुरुष आहे, बंडखोर वस्ती आहे, चार स्वाऱ्या आहेत, परकी हेर आहे, बंदुकांची चोरटी वाहतूक आहे. फक्त पडद्यामागे कोणी नाही. तेथे कोणी नव्हते, आणि तरीही कोणी तरी असलेच पाहिजे या आग्रहापायी एक संपूर्ण वस्ती नष्ट झाली, हा या कादंबरीचा खरा विषय होय.

ज्या घटनांवर कादंबरी उभी आहे, त्यांची थोडक्यात ओळख करून घेणे आवश्यक आहे. ब्राझीलच्या ईशान्येकडील अंतर्भागाला ‘सेर्तांव’ म्हणतात. काटेरी झुडपांचा, अवर्षणाचा हा प्रदेश १८७७ ते १८७९ या वर्षांच्या भीषण दुष्काळाने होरपळून निघाला होता. १८८८ साली ब्राझीलमधील गुलामगिरी कायद्याने संपली. पुढच्याच वर्षी सम्राट पदच्युत होऊन प्रजासत्ताक आले. नव्या राज्याने धर्मसंस्था आणि शासन वेगळे केले, नोंदणी विवाह आणला, नवे कर बसविले. या प्रदेशातून आंतोनियो व्हिसेंते मेंदेस मासिएल नावाचा एक विरक्त मनुष्य वर्षानुवर्षे पायी भटकत होता. त्याचा जन्म १८३० सालचा, सेआरा प्रांतातला. पडकी देवळे दुरुस्त करावी, दफनभूमीच्या भिंती बांधाव्या, संध्याकाळी लोकांना उपदेश करावा, असा त्याचा क्रम होता. लोक त्याला ‘कोन्सेल्येइरो’, म्हणजे उपदेशक, म्हणू लागले. प्रजासत्ताक हे त्याच्या मते ईश्वरद्रोही राज्य होते. १८९३ साली कराचे सरकारी जाहीरनामे जाळल्यावरून पोलिसांशी चकमक झाली. त्यानंतर त्याने बाहिया प्रांतातील कानुदोस या जागी वस्ती केली आणि तिला ‘बेलो मोंते’, सुंदर डोंगर, असे नाव दिले.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. या वस्तीने स्वतंत्र राज्याचा जाहीरनामा काढला नव्हता. ती प्रजासत्ताकाचा कायदा मानीत नव्हती, त्याचा कर देत नव्हती, आणि अंगावर कोणी आल्यास शस्त्र उचलीत होती. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने हे फुटून निघणेच होते. वस्तीतील माणसांच्या दृष्टीने ते सैतानाच्या राज्यातून बाहेर पडणे होते. संघर्षाचे निमित्तही क्षुल्लक म्हणावे असे होते. नव्या देवळासाठी जुआझेइरो या गावी लाकूड विकत घेतले होते, त्याचे पैसेही दिले होते. पण लाकूड आले नाही. ते आणावयास कोन्सेल्येइरोचे लोक चालून येणार, अशी आवई उठली, तेथील न्यायाधीशाने सैन्य मागितले, आणि नोव्हेंबर १८९६ मध्ये सुमारे शंभर सैनिकांची पहिली तुकडी निघाली. ती मागे परतली. जानेवारी १८९७ मधील दुसरी मोठी तुकडीही परतली. मार्चमध्ये कर्नल मोरेइरा सेझार सुमारे तेराशे सैनिक घेऊन गेला आणि स्वतःच मारला गेला. चौथी मोहीम जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चालली. तोफा आणल्या गेल्या, हजारो सैनिक आले, खुद्द युद्धमंत्री जवळच्या तळावर येऊन बसला. कोन्सेल्येइरो २२ सप्टेंबरला आजाराने मरण पावला. ५ ऑक्टोबर १८९७ रोजी वस्ती पडली. त्याआधी काही दिवस सुमारे तीनशे जण शरण आले होते, त्यांत बहुतेक बायका, मुले आणि वृद्ध होते. विजयी सैन्याने मोजणी केली तेव्हा ५,२०० घरे भरली.

आता प्रश्न असा की, भाकरीला महाग असलेल्या शेतकरी-गुराख्यांनी राष्ट्राच्या सैन्याला तीन वेळा परत पाठविले, याचा अर्थ दूरच्या राजधानीने कसा लावला? तिने तो रहस्यकथेसारखा लावला. मोरेइरा सेझारच्या पराभवाची वार्ता येताच, हा राजसत्तावाद्यांचा कट आहे, बाहेरून पैसा आणि बंदुका येत आहेत, असे वर्तमानपत्रांनी लिहिले आणि लोकांनी ते खरे मानले. रिओ द जानेरोच्या रस्त्यांवर जमाव उतरला, राजसत्तावादी पत्रांची कार्यालये फोडली गेली, आणि जेंतिल द कास्त्रो या पत्रमालकाचा खून झाला. धर्मवेड्या पुढाऱ्याच्या सशस्त्र बंडाची पहिली थरारक कथा कोणा कादंबरीकाराने लिहिलेली नाही. ती १८९७ सालच्या वार्ताहरांनी आणि संपादकांनी लिहिली, आणि तिच्या वाचकांनी माणसे मारली.

त्या काळच्या सुशिक्षितांपैकी एक एउक्लिदेस द कुन्हा हा होता. सैनिकी विद्यालयात शिकलेला, पेशाने अभियंता, मनाने कट्टर प्रजासत्ताकवादी. मार्च १८९७ मध्ये त्याने या बंडाची तुलना फ्रान्समधील व्हांदे येथील राजनिष्ठ शेतकऱ्यांच्या उठावाशी केली होती. सप्टेंबरमध्ये तो साव पावलोच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून रणभूमीवर पोचला. तेथे त्याने जे पाहिले, त्याने त्याची तुलना मोडून पडली. १९०२ साली त्याने ‘ओस सेर्तोइन्स’ हा ग्रंथ लिहिला आणि ही मोहीम म्हणजे गुन्हा होता, असा निवाडा स्वतःच्याच पक्षाविरुद्ध दिला. वार्गास योसाने आपली कादंबरी याच एउक्लिदेसला अर्पण केली आहे.

कादंबरीकाराने या सामग्रीचे काय केले? त्याची पहिली आणि सर्वांत शहाणपणाची योजना अशी की, वर्तमानपत्री रहस्यकथा त्याने टाकून दिली नाही. ती कथेतील एक पात्र असावी तशी कथेत आणून बसविली. बाहियातील एका पक्षाचा पुढारी आणि पत्रसंपादक एपामिनोंदास गोन्साल्विस हा प्रतिस्पर्धी पक्षाला बदनाम करण्यासाठी बेत रचतो. गॅलिलिओ गॉल नावाच्या, लाल केसांच्या, क्रांतीवर श्रद्धा असलेल्या एका स्कॉटिश माणसाकडून कानुदोसला बंदुका पोचवावयाच्या, वाटेत त्याचा खून करवावयाचा, आणि इंग्रजी बंदुकांशेजारी पडलेले परक्याचे प्रेत हा कटाचा पुरावा म्हणून मिरवावयाचा. कादंबरीचा दुसरा भाग अगदी थोड्या पानांचा आहे आणि त्यात प्रामुख्याने वर्तमानपत्रातील मजकूरच येतो. पहिल्या भागात सत्य काय ते वाचकाने पाहिलेले असते. आता तेच सत्य छापील अक्षरांत कसे उलटेपालटे होते, ते तो पाहतो. लेखक येथे एका शब्दाचेही भाष्य करीत नाही. शाळेत वर्तमानपत्राची कात्रणे वाचून दाखविणाऱ्या शिक्षकाने ही पाने आवर्जून वाचावीत.

उत्कंठेचा वापरही असाच विचारपूर्वक केलेला आहे. वस्तीचा शेवट इतिहासाने ठरविलेला आहे. तेव्हा ‘पुढे काय होणार’ हे कुतूहल लेखकाला फारसे उपयोगाचे नाही. तो काळाची मोडतोड करतो. युद्ध संपल्यानंतर एका वृद्ध सरंजामदाराच्या घरी चाललेले संभाषण आणि युद्धातील प्रसंग तो आलटून पालटून मांडतो. कोण वाचला हे आधी कळते, आणि तो कसा वाचला हे मागाहून. त्यामुळे वाचकाचे लक्ष परिणामावरून कारणाकडे वळते. ‘काय होणार’ या प्रश्नाची जागा ‘हे असे का झाले’ हा प्रश्न घेतो. उत्कंठा ही केवळ कारागिरी आहे, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर असे की, वाचकाच्या मनात कोणता प्रश्न जागा ठेवावयाचा हे ठरविणे म्हणजे नैतिक निवड करणेच होय.

आता धर्मपुरुषाच्या चित्रणाकडे वळू. या कादंबरीवर घेता येण्याजोगा सर्वांत गंभीर आक्षेप हा की, कोन्सेल्येइरोच्या अंतरंगात लेखक शिरतच नाही. उंच, कृश, जांभळ्या झग्यातील ही आकृती आपण नेहमी बाहेरून पाहतो. सहाशे पानांच्या आसपास पसरलेल्या कादंबरीचा मध्यबिंदू मुका राहावा, हे अपयश नव्हे काय? मला तसे वाटत नाही. लेखक त्याच्या अंतरंगात शिरत नाही. पण त्याच्याकडे येणाऱ्यांच्या अंतरंगात शिरतो. दरोडेखोर असलेला जुआंव, ज्याला पुढे ‘मठाधिपती’ म्हणतात. मालकिणीची हत्या करून पळालेला गुलाम, थोरला जुआंव. पोटच्या मुलाच्या हत्येचे पाप वाहणारी मारिया क्वाद्रादो. चार पायांवर चालणारा, विद्रूप म्हणून हिणवला गेलेला आणि तरी लिहितावाचता येणारा ‘नातुबाचा सिंह’. व्यापारी व्हिलानोव्हा, ज्याचा देवावर विश्वास बसत नाही पण या माणसावर बसतो. यांपैकी प्रत्येकाला कोठे ना कोठे जगाने नाकारलेले आहे, आणि कानुदोसमध्ये त्याला एक नाव, एक काम आणि एक जागा मिळते. दिव्याचे वर्णन न करता उजळलेल्या चेहऱ्यांचे वर्णन करावे, तशी ही रीत आहे. धर्मवेड म्हणून ज्याची आपण एका शब्दात बोळवण करतो, त्या शब्दाखाली किती निरनिराळी माणसे उभी असतात, हे कळावयास दुसरा मार्ग नव्हता.

तरीही लेखक या वस्तीचे भक्तिगीत गात नाही. तेथे खुनी आहेत आणि त्यांचे हात पुन्हा रक्ताने भरतात. प्रजासत्ताकाची नाणी तेथे निषिद्ध आहेत, शंकेला तेथे जागा नाही, खानेसुमारी म्हणजे पुन्हा गुलाम करण्याची युक्ती आणि नवी वजनेमापे म्हणजे सैतानाचे काम, अशी समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे, पण निराधार नाही. ज्यांच्या जातभाईंची मोजदाद काही वर्षांपूर्वीपर्यंत गुरांबरोबर होत असे, त्यांना मोजणीची भीती वाटली तर ती मूर्खपणाची कशी म्हणावी? अशा जागी कादंबरी इतिहासाच्या पुढे जाते.

आणि वेड फक्त एकाच बाजूला आहे, असे लेखक मानीत नाही. मोरेइरा सेझार हा निःस्पृह, कष्टाळू, अपस्माराच्या झटक्यांशी झगडणारा सेनानी आहे. त्याची प्रजासत्ताकावरील निष्ठा ही धर्मनिष्ठाच आहे. तिलाही संशय चालत नाही आणि तिलाही शत्रू नेहमी सैतानाच्या रूपात दिसतो. ज्या राष्ट्रध्वजावर ऑगस्त कोंतच्या विचारातून आलेली ‘सुव्यवस्था आणि प्रगती’ ही अक्षरे आहेत, त्याच्यासाठी तो लढतो. गॉलची कथा तर याहून करुण आहे. कानुदोस म्हणजे आपल्या स्वप्नातील समतेचे राज्य, अशी त्याची खात्री आहे. माणसांच्या डोक्यांची उंचसखल चाचपून तो त्यांचे स्वभाव सांगतो. पण त्यांचे बोलणे त्याला ऐकू येत नाही, आणि कानुदोसला तो कधी पोचतही नाही. तीन श्रद्धा, आणि तिन्हींना आपली श्रद्धा म्हणजे बुद्धी आणि दुसऱ्याची श्रद्धा म्हणजे वेड वाटते.

दोषांचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. गॉल, वाटाड्या रुफिनो आणि त्याची पत्नी जुरेमा यांच्या सूडाचे उपकथानक आवश्यकतेपेक्षा फार लांबले आहे. त्या पानांवर साच्याने लेखकावर मात केली आहे. याहून गंभीर दोष स्त्रीचित्रणाचा. जुरेमेवर बलात्कार होतो, आणि त्यानंतर पुष्कळ काळ कथा तिला एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे वाहून नेते. शेवटाकडे बॅरन कान्याब्राव्हा आपल्या घरातील दासीवर बळजोरी करतो, आणि लेखक त्या प्रसंगाला जवळजवळ वृद्धाच्या पुनर्जन्माचे रूप देतो. जो लेखक दरोडेखोराचे मन इतक्या न्यायबुद्धीने उकलून दाखवितो, तो या दासीच्या मनापाशी क्षणभरही थांबत नाही. तिसरा दोष दृष्टीचा आहे. जमीनदारांच्या मळ्यांतील मजूर उठून कानुदोसला जात होते. त्यामुळे जमीनदारांचा या वस्तीवर राग होता, हे इतिहासात स्पष्ट दिसते. कादंबरीत मात्र बॅरनला शहाण्या, थकलेल्या साक्षीदाराची सोयीस्कर जागा मिळाली आहे, आणि जमिनीचा प्रश्न श्रद्धेच्या नाट्यामागे झाकला गेला आहे.

या दोषांसह कादंबरी मोठी राहते ती एका पात्रामुळे. एपामिनोंदासच्या पत्राचा एक वार्ताहर मोरेइरा सेझारच्या सैन्याबरोबर जातो. त्याला लेखकाने नाव दिलेले नाही. तो केवळ ‘अधू दृष्टीचा पत्रकार’ आहे. धुमश्चक्रीत त्याचा चष्मा फुटतो आणि कानुदोसच्या वेढ्यात तो अडकतो. जी गोष्ट पाहून लिहावयास तो आला होता, ती त्याला दिसत नाही. दिसतात केवळ सावल्या. पण आता त्याला ऐकावे लागते, दुसऱ्याचा हात धरावा लागतो, आणि ज्यांच्याविषयी त्याने खोटे लिहिले त्यांच्याच हातचे खावे लागते. यात एउक्लिदेसची छाया आहे, हे उघड आहे. एउक्लिदेस स्वतः ३ ऑक्टोबरला, म्हणजे शेवटाच्या दोन दिवस आधी, कानुदोस सोडून गेला होता; ज्या अंताने त्याचा ग्रंथ अमर केला तो अंत त्याने पाहिला नव्हता. साक्षीदाराची दृष्टी नेहमीच अपुरी असते, आणि ती अपुरी आहे हे ज्याला कळले त्याचीच साक्ष ऐकण्यासारखी असते, असे या पात्राचे सांगणे आहे.

विजेत्यांना मात्र अजून उलगडा हवा होता. त्यांनी कोन्सेल्येइरोचे प्रेत उकरून काढले, शिर कापले आणि वेडाची खूण सापडेल म्हणून ते साल्व्हादोर येथील वैद्यकाच्या पंडितांपुढे ठेवले. नीना रोद्रिगेस या वैद्याला कवटीत कोणतीही विकृती आढळली नाही. १९०५ च्या आगीत ती कवटीही नष्ट झाली. १९७४ साली कोन्सेल्येइरोची प्रवचने छापून प्रसिद्ध झाली. त्यांतून दिसतो तो प्रजासत्ताकाचा कडवा विरोधक खरा, पण त्याचबरोबर जुन्या वळणाचा, शास्त्र जाणणारा ख्रिस्ती उपदेशक. कानुदोसची जागा १९६० च्या दशकाच्या अखेरीस धरणाच्या पाण्याखाली गेली. मागे राहिला एक शब्द. युद्धावरून रिओला परतलेल्या सैनिकांनी ज्या टेकडीवर झोपड्या घातल्या तिला कानुदोसजवळच्या ‘फावेला’ टेकडीचे नाव पडले, आणि आज त्या देशात गरिबांच्या वस्तीला सर्वत्र तोच शब्द आहे. ज्यांना फौज पाठवून मिटविले आणि ज्यांना पाठविले, ते दोघेही अखेर एकाच नावाखाली राहावयास आले.

आपल्या मंडळातील गोव्याच्या ज्या ज्येष्ठ सदस्यांना पोर्तुगीज अवगत आहे, त्यांनी एउक्लिदेसचा ग्रंथ मुळातून वाचून या कादंबरीशी ताडून पाहावा, अशी माझी विनंती आहे. त्यांना अशी तुलना करता येईल, जी मला भाषांतरावरून करता आली नाही. आणि शिक्षकांना एवढेच सांगावेसे वाटते : विद्यार्थी एखादी थरारक कादंबरी वर्गात बाकाखाली लपवून वाचताना सापडला, तर ती काढून घेण्यापूर्वी त्याला एक प्रश्न विचारावा. ‘यात पडद्यामागे कोण आहे, आणि तो तेथे आहे हे तुला कोणी सांगितले?’ या प्रश्नाचे उत्तर शोधावयास तो लागला, तर पुस्तक त्याच्याच हाती राहू द्यावे.